सहाव्या बाणाचं टोक

पहिला बाण कोठ्याच्या भिंतीवर आदळला आणि उभा चिरला. माझ्याकडे एकूण सातच बाण होते, त्यातला एक असा पहिल्या दिवशी, पहिल्याच फटक्याला गेला. उरले सहा. मी तिथंच जमिनीवर बसले आणि रागानं रडले. मला रडू येतं ते बहुतेक रागानंच येतं, दुःखानं क्वचित.

महाराष्ट्र होऊन तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती आणि माझं लग्न होऊन एक. माहेर अमरावतीचं. घरामागेच व्यायामशाळा होती आणि वडिलांना हौस, म्हणून मी लेझीम, लाठी आणि धनुष्यबाण शिकले होते. सासर मेहकर तालुक्यातलं, हिवरा आश्रमापासून बैलगाडीनं दीडेक तासावरचं गाव. लग्नाच्या सामानात भांड्यांच्या पाटीबरोबर माझं बांबूचं धनुष्य आलं, ते सासूबाईंनी मुकाट्यानं खुंटीला टांगलं. वर्षभर ते तिथंच होतं आणि मी रोज त्याच्याखालून पाणी भरायला जात होते.

माझे यजमान चिखलीकडच्या एका शाळेत शिक्षक होते. शनिवारी संध्याकाळी यायचे, सोमवारी पहाटे जायचे. आषाढातल्या एका शनिवारी ते बातमी घेऊन आले. मुलींच्या शाळांना व्यायाम शिकवणाऱ्या बाया हव्या होत्या. त्यासाठी अमरावतीला वर्षभराचं शिक्षण होतं, आणि त्याला निवडण्याआधी भाद्रपदात चाचणी. चाचणीत प्रत्येकीनं कोणतं तरी एक कसब दाखवायचं. जागा थोड्या होत्या.

मला ती जागा हवी होती.  पण हात वर्षभर बसलेला. सरावाशिवाय जाणं म्हणजे हसू करून घेणं होतं.

सराव कुठं करायचा हा प्रश्न सासूबाईंनी सोडवला. बाहेर पावसाची झड लागलेली, आणि झड थांबली तरी गावातली सून शेतात उभी राहून बाण मारते हे कोण खपवून घेणार? त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, "गावाच्या डोयावर नोको वं बाई. कोठ्यात मार, काय मारायचं ते."

कोठा म्हणजे गोठ्याला लागून असलेली, जनावरांचा कडबा साठवायची लांबलचक अंधारी खोली. उन्हाळ्यात ती आढ्यापर्यंत भरलेली असायची. आषाढापर्यंत बैलांनी अर्धी रिकामी केली होती, म्हणून मला जागा मिळाली. सुरुवातीला दहा पावलं होती. बैल जसे खात गेले तसा माझा पल्ला वाढत गेला. बैलांच्या भुकेवर अवलंबून असलेली धनुर्विद्या मी दुसरीकडे कुठं ऐकलेली नाही.

कोठ्यात पाऊल टाकण्याआधी सासूबाईंनी एक नियम सांगितला. घरातला जुनाच नियम होता तो. कोठ्यात सुई न्यायची नाही. शिवणटिपण ओसरीवर. शेजारच्या एका म्हशीनं वैरणीबरोबर दाभण गिळलं होतं, ती महिनाभर झुरून मेली. "मुक्या जीवाले सांगता येत नाही कुठं दुखते ते," त्या म्हणाल्या. मी मान हलवली. सुई मी कधीच नेली नाही. लोखंडी टोकाचे सहा बाण मात्र रोज नेत होते, आणि त्यात काही चुकतं आहे असं आम्हा दोघींच्याही डोक्यात आलं नाही. सुई ती सुई आणि बाण तो बाण.

भिंतीनं एक बाण खाल्ल्यावर मी घोंगडी टांगली. ताणून टांगली तेव्हा बाण आरपार जाऊन भिंतीवर वाजला. मग सैल सोडली. सैल घोंगडीनं बाण अलगद झेलला आणि मला वाटलं, जिंकलं! चार दिवसांत घोंगडीची चाळण झाली. सासूबाईंनी ती उजेडात धरून पाहिली आणि एवढंच म्हणाल्या, "बाप्पा बाप्पा."

मग मी कडब्याच्या पेंढ्या एकावर एक आडव्या रचल्या, शेतातल्या गंजीसारख्या. वाटलं, एवढा जाड कडबा, बाण जाईल कुठं? पण ज्वारीचं धांडं वरून गुळगुळीत आणि कडक असतं. बाण त्यावरून घसरून हवा तिकडे वळायचा. एक तर वर उडून वाशात जाऊन बसला. तो काढायला शिडी लागली.

इथं मला सासऱ्यांबद्दल सांगितलं पाहिजे. आम्ही त्यांना मामाजी म्हणायचो, म्हणजे त्यांच्यामागे म्हणायचो. सून सासऱ्यांसमोर डोक्यावरून पदर घेऊन असे आणि त्यांच्याशी थेट बोलत नसे. तेही सुनेशी थेट बोलत नसत. पण घर म्हटलं की बोलावं तर लागतंच. त्यांनी त्यावर तोड काढली होती. त्यांच्या जोडीतला पांढरा बैल दारातच बांधलेला असे. मला काही सांगायचं असलं की ते त्याच्यापाशी उभे राहून त्याला सांगत. "काबे पांढऱ्या, आज चाय भेटते का नाही आपल्याले?" म्हणाले की मी चहा टाकायचा. नवी होते तेव्हा मला वाटलं, म्हातारा जरा सरकलेला आहे. पुढं लक्षात आलं की गावात अर्ध्या घरांत असंच चालतं. कुणी भिंतीला सांगतो, कुणी मांजराला. आमचा बैल निदान कान हलवायचा.

तर वाशातला बाण काढला त्या संध्याकाळी मामाजी पांढऱ्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "पांढऱ्या, आडव्या कडब्यात काय थांबते बे? बुडखे समोर पाह्यजेत. आन आवळून बांधा लागते. ढिल्ल्या कामाचं काही खरं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी कोठ्याच्या दारात एक बाज उभी केलेली होती. सुंभ सोडवून काढलेलं, नुसती लाकडाची चौकट आणि चार पाय. ती मामाजींची स्वतःची बाज होती. त्या दिवसापासून ते ओसरीवर घोंगडी टाकून निजू लागले. ती घोंगडी म्हणजे माझी चाळण.

मी ती बाज आडवी करून कुशीवर उभी केली. पेंढ्या विळ्यानं मधोमध तोडल्या आणि चौकटीत अशा भरल्या की धांड्यांचे बुडखे माझ्याकडे राहतील. भरताना वाटलं भरली, पण हातानं दाबलं की चार पेंढ्यांची जागा निघायची. शेवटी मुसळानं ठोकून ठोकून बसवलं, वरून दोरखंड घेतला आणि दोरात काठी घालून पीळ दिला, गाडीवरचा भारा आवळतात तसा. दोन दिवस त्यात गेले. हातांना फोड आले. तिसऱ्या दिवशी मधोमध हळदीचा टिळा लावला, दहा पावलं मागे गेले आणि बाण सोडला.

बाण धांड्यांच्या मधे वीतभर शिरला आणि थांबला. नुसता थांबला. आवाजसुद्धा मऊ आला. मी पुन्हा रडले, पण या वेळी राग नव्हता.

त्यानंतर रोज दुपारी भांडी घासून झाली की मी कोठ्यात जायची. पदर कमरेला खोचायचा, सहा बाण सोडायचे, सहा उपटायचे, पुन्हा सोडायचे. डोक्यावर पदर घेऊन धनुष्य ओढता येत नाही. दोरी त्यातच अडकते. म्हणून मामाजी त्या वेळी गोठ्याकडे फिरकत नसत, आणि फिरकलेच तर आधी अंगणातूनच मोठ्यानं खाकरत. चाचणीत तीस पावलांवरून मारायचं होतं आणि मी दहा-पंधरावरून मारत होते, याची धाकधूक होती. पण जवळून मारताना नजर निशाणावरून उठून आपल्या हातावर येते. कोपर कुठं आहे, श्वास कधी सोडला, हे कळू लागतं. माझी बोटं हळूहळू शहाणी होत होती.

आठवड्याला टिळ्याजवळच्या पेंढ्या झिजून मोकळ्या व्हायच्या. मी त्या काढून नव्या ठोकायची. काढलेल्या टाकायच्या कुठं? श्रावणात जुना कडबा सोन्यासारखा असतो. त्या घरात काडीही वाया जात नसे. मी त्या पेंढ्या उचलायची आणि सरळ बैलांच्या गव्हाणीत टाकायची. वर मनात म्हणायची, पाहा, माझ्या खेळाचा घराला काही तोटा नाही.

माझ्या बाणांची टोकं म्हणजे बोटाच्या पेराएवढी लोखंडी टोपणं, लाखेनं बसवलेली. बाण उपटताना एक हात निशाणावर सपाट ठेवायचा, दुसऱ्यानं बाण मुळाशी धरून पिळत काढायचा. हे मला येत होतं. पण त्या दिवशी घाईत होते, दळण राहिलं होतं. सरळ ओढून काढले, गव्हाणीत पेंढ्या टाकल्या आणि जात्यावर बसले. दुसऱ्या दुपारी बाण हातात घेतले तर सहाव्याला टोक नव्हतं. नुसता बांबू आणि त्यावर लाखेचा लालसर थर.

आधी मी निशाण उसवलं. एक एक धांडं पाहिलं. जमीन झाडली. मग काल काढलेल्या पेंढ्या आठवल्या. धावत गव्हाणीशी गेले. गव्हाण रिकामी होती, चाटून पुसून स्वच्छ. पांढरा शांतपणे रवंथ करत माझ्याकडे पाहत होता.

तेव्हाच जाऊन सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. इथं बढाई मारण्यासारखं काही नाही, म्हणून सरळ लिहिते. मला बैलाची भीती होती, पण त्याहून मोठी भीती ही की सांगितलं तर धनुष्य पुन्हा खुंटीला जाईल आणि या वेळी कायमचं. ज्या घरात सुईला मज्जाव, त्या घरातल्या बैलाच्या पोटात माझं लोखंड. कोण ऐकून घेईल? मी स्वतःची समजूत घातली की टोक कुठंतरी मातीत पडलं असेल. आणि तोंडात मूग धरून बसले.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काय ते त्या चार दिवसांत कळलं. मी दिवसातून दहादा पांढऱ्यापाशी जायची. कान गार आहेत का, रवंथ चालू आहे का, शेण कसं पडलं. गोवऱ्या थापताना शेण बोटांनी चिवडायची. सासूबाई म्हणाल्या, "एवढं काय मळून राह्यली वं? पुरन घालतं का त्याच्यात?" त्याच दिवसांत मामाजींच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली दिसली. सासूबाईंनी विचारलं तर म्हणाले, विळा लागला. मी तिकडे लक्ष दिलं नाही. माझं सगळं लक्ष बैलाच्या पोटात होतं. आणि नेम? टिळा सोडून बाण बाजेच्या लाकडावर बसत होते.

पाचव्या दिवशी सकाळी पांढऱ्यानं वैरणीला तोंड लावलं नाही. मान खाली, डोळे अर्धे मिटलेले. डावी कूस फुगून वर आली होती. मामाजींनी तिच्यावर थाप मारली, ढोलासारखा आवाज आला. सासूबाई जवसाचं तेल आणायला आत गेल्या. गोठ्यात मी आणि ते दोघंच.

 पदर सावरला, पण तोंड बैलाकडे वळवता येईना. त्याच्या मार्फत त्याच्याच मरणाची बातमी कशी सांगायची? मी सरळ मामाजींकडे पाहिलं आणि म्हणाले, "मामाजी, माझ्या बाणाचं टोक त्याच्या पोटात गेलंय. चार दिवस झाले. मी सांगितलं नाही."

त्यांच्याशी बोललेले माझे हे पहिले शब्द.

ते तडक घरात गेले. मला वाटलं, संपलं. धनुष्य काढून आणतील आणि चुलीत घालतील. ते बाहेर आले तेव्हा एका हातात तेल पाजायची बांबूची नळी होती आणि दुसऱ्या हातात त्यांची चुन्याची डबी. डबी उघडली आणि तिच्यातून काढून त्यांनी काहीतरी गव्हाणीच्या काठावर ठेवलं. सुनेच्या हातात थेट काही द्यायचं नसे, म्हणून काठावर. चुन्यानं पांढरं झालेलं माझं टोक होतं ते.

मग ते पांढऱ्याकडे वळले. "सांग तिले," ते त्याचा जबडा उघडत म्हणाले, "हिरवं लय खाल्लं म्हना हावरटावानी, म्हून फुगलो. लोखंड नाही खाल्लं. तिनं टाकलेली एक एक पेंढी हा बुढा पहिल्या दिसापासून हातानं चाचपून राह्यला. काडी काडी. त्याच दिशी अंगठ्यात घुसलं तवा सापडलं."

मी त्या अंगठ्याकडे पाहिलं. चिंधी मळून काळी झाली होती. दर आठवड्याला मी पेंढ्या गव्हाणीत टाकून तोऱ्यात निघून जायची, आणि हा माणूस मागून येऊन त्या पुन्हा बाहेर काढायचा, उकिडवा बसायचा आणि हात फिरवायचा.

तेल आणलेल्या सासूबाई दारातच थबकल्या होत्या. त्याच म्हणाल्या, "मंग बोलले काऊन नाही? पोरगी चार दिस वाळून गेली."

मामाजी बैलाची मान चोळू लागले. "सांगतलं असतं तं भेऊन तिनं ते धनुष्य खुटीले टांगलं असतं," ते म्हणाले. "मंग?"

मी धनुष्य खुंटीला जाऊ नये म्हणून गप्प होते. तेही त्याच धनुष्यासाठी गप्प होते. मला त्यांच्या पाया पडायचं होतं, पण मी तिथंच गव्हाणीला धरून हमसून हमसून रडले. तेल पाजल्यावर दुपारपर्यंत पांढऱ्याचं पोट उतरलं आणि त्यानं पाण्याच्या बादलीत तोंड घातलं.

त्या दिवसापासून निशाणात कडबा बंद. बाजेची चौकट मी रिकामी केली आणि दोन बारदानं एकात एक घातली. त्यात चिंध्या भरायच्या ठरल्या, कोणतंही जनावर खाणार नाही अशा. पण एवढ्या चिंध्या आणायच्या कुठून? सासूबाईंनी आपली पेटी उघडली आणि विरलेली लुगडी काढली. एक तर त्यांच्या लग्नातलं, काठ तेवढे शाबूत. मी नको म्हणाले. त्या म्हणाल्या, "मी काय नेसून मिरवून राह्यली का आता? घाल." शेजारणींकडूनही त्या चिंध्या मागून आणत होत्या. कशाला हव्यात विचारलं की सांगायच्या, गादी करायची आहे. आम्ही दोघींनी मिळून मुसळानं चिंध्या ठासल्या, पोतं दगडासारखं होईपर्यंत. तोंड शिवायला दाभण लागलं. ते सासूबाईंनी ओसरीवर बसून शिवलं, शिवून झाल्यावर दाभण मला दाखवलं आणि पेटीत ठेवून कुलूप लावलं.

ते निशाण कडब्यापेक्षा सरस निघालं. बाण चार बोटं शिरायचा आणि थांबायचा. टोक कधी सुटलं नाही. पोळ्यापर्यंत कोठा जवळजवळ रिकामा झाला आणि मला पंचवीस पावलं मिळाली.

भाद्रपदात मी शेगावहून गाडीत बसून अमरावतीला गेले आणि निवडून आले. पुढं बरीच वर्षं मुलींना व्यायाम शिकवला. बाण कसा मारायचा याच्याआधी तो कसा उपटायचा हे शिकवायची, आणि मुली कंटाळायच्या. पण मला आठवते ती निघण्याच्या आदली दुपार.

मी कोठ्यात शेवटचा हात करत होते. अंगणातून खाकरणं ऐकू आलं. मी घाईनं पदर कमरेतून सोडवून डोक्यावर घेतला. मामाजी आत आले. बैल बाहेर, दाराला बांधलेला. बोलायला मधे कुणी नव्हतं. ते रिकाम्या भिंतीशी बसले, घसा साफ केला आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "खोच पदर, माय. मले पाह्याचं हाय."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. ते तसेच बसून होते. मी पदर खोचला. पहिला बाण टिळ्याच्या खाली गेला. दुसरा जवळ. मग मी त्यांना विसरले आणि कोपर आठवलं. सहावा, लाखेनं पुन्हा बसवलेल्या टोकावर चुन्याचा पांढरा डाग अजून असलेला, टिळ्याच्या मधोमध बसला.

मामाजी उठले. निशाणापाशी जाऊन त्यांनी बाण एकेक करून काढले, तळवा पोत्यावर टेकवून, हळूच पिळत. प्रत्येक बाणाच्या टोकावरून त्यांनी तो बऱ्या झालेल्या जखमेचा अंगठा फिरवला. मग सगळे बाण एकत्र धरून माझ्यापुढे केले. काठावर ठेवले नाहीत, माझ्या हातात दिले.

"सहा हायेत," ते म्हणाले. "आता जाय."